डोंगलला लायसन्स लागतं का?

आजचा भाग एका माउसमुळे होतोय. त्या माउसने मला प्रोबेशनमध्ये असताना चांगलंच तोंडघशी पाडलं होतं.

रात्रीचे साडेनऊ. गिरगावातली आमची खोली. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालू, म्हणजे विंडोजच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, माझ्या बाबतीत लिनक्स. स्क्रीन शेअर करून टीमलीडला एक दुरुस्ती दाखवत होतो आणि बाण जागच्या जागी थिजला. कीबोर्डही गप्प. अर्ध्या मिनिटाने दोन्ही परत आले, पुन्हा गेले. असं चार वेळा झाल्यावर पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "तू हे आधी करून बघितलं होतंस ना?" काय उत्तर देणार! कॉल संपला तेव्हा कान तापले होते.

मी डोंगल काढून फुंकर मारत होतो. खाटेवरून आजीने विचारलं, "तारेशिवाय चालतं ना ते? मग लायसन्स काढलंयस का?"

मी हसलो. पण तिचं बरोबर होतं. तिच्या तरुणपणी रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टात जाऊन फी भरावी लागे आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. त्यामागे होता 1933 चा भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा. आणि रेडिओ तर फक्त ऐकतो. माझा डोंगल ऐकतोही आणि बोलतोही. कायद्याच्या त्या जुन्या चष्म्यातून बघितलं तर नखाएवढं प्रक्षेपण केंद्रच ते!

प्रक्षेपण केंद्रावरून आपल्या गल्लीतली गोष्ट आठवलीच पाहिजे. 8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चोरून काँग्रेस रेडिओ सुरू केला. सुरुवात चौपाटीजवळच्या इमारतीतून. 42.34 मीटरवर आहोत हे ते दर वेळी जाहीर सांगत. जागा मात्र 'भारतात कुठेतरी' एवढीच. म्हणजे फ्रिक्वेन्सी उघड, पत्ता गुप्त. दुसरा मार्गच नव्हता, कारण फ्रिक्वेन्सी लपवली तर ऐकणार कोण?

पण जो ऐकू शकतो तो शोधूही शकतो. लहरी कुठून येतायत हे हुडकणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत होत्या. म्हणून ही मंडळी ट्रान्समीटर उचलून घरं बदलत राहिली. सरकारी ऑल इंडिया रेडिओला ते 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणायचे, हे मला फार आवडतं.

आता गंमत बघा. त्याच महिन्यात, 11 ऑगस्ट 1942 ला, अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं. नावं होती हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांची. रेडिओने चालवायच्या पाणतीरात शत्रूने अडथळा आणू नये म्हणून पाठवणारा आणि घेणारा दोघांनी एकाच वेळी फ्रिक्वेन्सी बदलत राहायची, अशी ती कल्पना. त्यासाठी पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या, आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्याच 88 फ्रिक्वेन्सी. नौदलाने तेव्हा ते बाजूला ठेवलं. गिरगावात लोक घर बदलत होते, तिकडे हे दोघं फ्रिक्वेन्सी बदलायचं म्हणत होते. आज तुमच्या कानातला ब्लूटूथ सेकंदाला शेकडो उड्या मारतो, तो याच जातीचा खेळ.

काँग्रेस रेडिओ तीनेक महिने चालला. 12 नोव्हेंबर 1942 ला गिरगावातल्याच पारेख वाडीत पोलीस शिरले, तेव्हा 'वंदे मातरम्' वाजत होतं. पत्ता त्या फिरत्या गाड्यांनी शोधला नव्हता. फुटला तो आतून, एका तंत्रज्ञाकडून. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात. पुढे त्या विल्सन कॉलेजात शिकवत असत, चौपाटीसमोर. म्हणजे पहिल्या जागेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर.

आजीच्या प्रश्नाचं सरकारी उत्तर असं की, 28 जानेवारी 2005 च्या नियमांनी 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांना विनापरवाना मोकळा झाला. वाय-फाय, ब्लूटूथ, माउस सगळे तिथेच. चाळीत रात्री फोनवर वाय-फायची यादी उघडा, स्क्रोल करून अंगठा दुखेल. साहजिकच माझा संशय शेजाऱ्यांवर. राउटरचं चॅनेल बदललं, एक दिवस तर समोरच्या काकांना त्यांचा राउटर बंद करायला लावला. त्यांची मॅच होती, तरी केला बिचाऱ्यांनी. काही फरक नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली. व्हर्च्युअल मशीन बंद असताना माउस कधीच तुटत नव्हता.

माझ्या व्हर्च्युअल मशीनची भलीमोठी फाइल बाहेरच्या एसएसडीवर होती, आणि ती एसएसडी डोंगलच्या शेजारच्या पोर्टमध्ये. यूएसबी 3.0 ची वेगवान वाहतूक सुरू झाली की केबल आणि कनेक्टरमधून नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने 2012 मध्येच यावर निबंध काढलाय. मशीन चालू झालं की डिस्क राबायची, आणि डिस्क राबली की शेजारचा डोंगल बहिरा व्हायचा. काकांची मॅच फुकट गेली होती.

दुसरी चूक निव्वळ माझी. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये कधीतरी डोंगलचा यूएसबी फिल्टर टाकून ठेवला होता. यूएसबी उपकरणाला एका वेळी एकच धनी असतो. फिल्टरमुळे मशीन उठल्या उठल्या डोंगल लिनक्सच्या ताब्यात, आणि विंडोजच्या लेखी माउस उपटून नेलेला. खरं तर याची गरजच नसते. डोंगल विंडोजकडे राहू द्या. पाहुण्या मशीनला व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच एक नकली माउस-कीबोर्ड देतो. बाण आत अडकला तर उजवं कंट्रोल दाबा, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट. लॅपटॉपचा ब्लूटूथ अडॅप्टरच आत देऊ नका, कारण जोडणीच्या चाव्या विंडोजपाशी असतात. आत पुन्हा पेअरिंग करत बसाल, आणि बाहेर आल्यावर परत एकदा.

फिल्टर काढला. लॅमिंग्टन रोडवरून साधी यूएसबी 2.0 एक्स्टेंशन वायर आणली आणि डोंगल एसएसडीपासून हातभर लांब नेला. पुढच्या डेमोला तासभर बाण एकदाही थांबला नाही. टीमलीड काही बोलला नाही, म्हणजे पास.

काकांना सॉरी म्हणून आलो. आजीला सांगितलं, लायसन्स लागत नाही. ती म्हणाली, "फी वाचली म्हणायची."