चंद्राची वाट मोजणाऱ्या कृष्णवर्णीय भगिनी

२० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला. आपल्याकडे २१ तारीख लागली होती. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन ही नावं शाळेतली पोरंही सांगतात. पण यान कोणत्या वाटेनं न्यायचं आणि परत कसं आणायचं, हा हिशेब करणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रियाही होत्या. २०१६ साली मार्गो ली शेटर्ली यांचं पुस्तक येईपर्यंत त्यांची नावं खुद्द अमेरिकेतही फार थोड्यांना ठाऊक होती.

विहाराच्या स्मरणिकेत अमेरिका कशाला, असं कुणी म्हणेल. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथल्या कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डुबॉईस यांना पत्र लिहिलं होतं, दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतलं तेही तिकडचंच. तेव्हा हा विषय परका नाही.

या भगिनी तिथं शिरल्या कशा? सरकारला दया आली म्हणून नव्हे. ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या झोपायच्या डब्यांतल्या पोर्टरांचे युनियन पुढारी. युद्धाच्या कारखान्यांत आमच्या माणसांना काम द्या, नाहीतर राजधानीवर मोर्चा आणतो, असं त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना बजावलं. २५ जून १९४१ ला हुकूम निघाला, मोर्चा निघायच्या आधीच! युनियनचं काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

त्यानंतर व्हर्जिनिया राज्यातल्या लँग्लीच्या विमान संशोधन केंद्रात गणित शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया भरती झाल्या. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, हिशेब करणारं माणूस. डोरोथी वॉन १९४३ साली लागल्या, त्याआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. (आदल्याच वर्षी, २० जुलै १९४२ ला, नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या स्त्रियांची परिषद भरून कामकरी बायकांच्या रजेचे, पेन्शनचे ठराव झाले होते.) लँग्लीत त्यांची बसायची खोली वेगळी, संडास वेगळा, कॅन्टीनमध्ये टेबल वेगळं आणि त्यावर 'काळ्या कॉम्प्युटरांसाठी' अशी पाटी. मिरियम मान नावाच्या बाई ती पाटी उचलून पर्समध्ये घालायच्या. नवी पाटी आली की तीही उचलायच्या. शेवटी पाट्या यायच्या बंद झाल्या. महाडचं तळं ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

मी गिरणीतला माणूस, मला आणखी एक गोष्ट आठवते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्यानं म्हणे विटाळ व्हायचा. आणि पगार जास्त कुठं? विणखात्यात! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. नाव विटाळाचं, पण त्याच्या आड पगाराचा आणि हुन्नराचा दरवाजा बंद ठेवलेला. लँग्लीत कॉम्प्युटर आणि इंजिनिअर यांच्यामधी तशीच भिंत होती.

ती भिंत मेरी जॅक्सन यांनी ओलांडली. त्या १९५१ साली लागल्या. इंजिनिअर व्हायचं तर वरच्या गणिताचे वर्ग करायला पाहिजेत, आणि वर्ग भरायचे गोऱ्यांच्या शाळेत. त्यांनी हॅम्प्टन शहराकडं अर्ज करून परवानगी मिळवली आणि १९५८ साली नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर झाल्या. डोरोथीबाई तर १९४९ पासून आपल्या विभागाच्या प्रमुखच होत्या. हिशेबाची यंत्रं येणार, हातानं हिशेब करणाऱ्यांचं काम जाणार, हे ओळखून त्या फोरट्रान ही यंत्राची भाषा शिकल्या आणि बरोबरच्या बायांनाही शिकवली. आमच्या गिरणीत नवी यंत्रं आली तवा कुणी असं शिकवलं नाही, नुसत्या नोटिसा लागल्या.

कॅथरीन जॉन्सन यांच्या गावाकडं कृष्णवर्णीय मुलांची शाळा आठवीपर्यंतच. बापानं लेकरांच्या शिक्षणासाठी दोनशे किलोमीटरवर बिऱ्हाड केलं. आपल्या किती घरांत मुलीच्या गणितासाठी बिऱ्हाड हललं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा. या बाई १९५३ साली लँग्लीत आल्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फेऱ्या मारायला निघाला, तेव्हा त्याचा यंत्राच्या आकड्यांवर भरवसा बसेना. त्या मुलीला आकडे तपासायला सांगा, म्हणाला. मुलगी त्रेचाळीस वर्षांची होती! कॅथरीनबाईंनी सगळा हिशेब पुन्हा केला, बरोबर आला, मगच ग्लेन यानात बसला. २०१५ साली ओबामांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०२० साली, १०१ व्या वर्षी त्या वारल्या.

पुढं १२ सप्टेंबर १९९२ ला डॉ. मे जेमिसन स्वतः अंतराळात गेल्या, कृष्णवर्णीय स्त्रियांतल्या पहिल्या. २०२२ साली जेसिका वॉटकिन्स अंतराळ स्थानकावर कित्येक महिने राहून आल्या.

पण मला मेरी जॅक्सन यांचं शेवटचं काम मोठं वाटतं. १९७९ साली त्यांनी इंजिनिअरची जागा सोडून खालच्या दर्जाचं पद आपणहून घेतलं. नासात स्त्रियांची भरती आणि बढती नीट होते का, हे बघायचं ते काम होतं. २००५ साली त्या गेल्या. २०२१ साली वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयावर त्यांच्या नावाची पाटी लागली.