महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ
महाराष्ट्र राज्याची कार्यकारी सत्ता प्रत्यक्ष वापरणारी व त्याबद्दल विधानसभेला जबाबदार असणारी मंत्र्यांची संस्था. राज्यघटनेच्या १६३ व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असते. १६४ व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांची व त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नेमणूक करतात. मंत्री, राज्यमंत्री व उपमंत्री या सर्वांची मिळून मंत्रिपरिषद होते. त्यांपैकी मंत्री या सर्वोच्च श्रेणीतील व्यक्तींचे जे मंडळ धोरणविषयक निर्णय घेते, त्यास मंत्रिमंडळ म्हणतात. व्यवहारात हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. मंत्रिपरिषद विधानसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार असते, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होय.

हे तत्त्व ब्रिटिश संसदीय परंपरेतून आले. साम्राज्याच्या वसाहतींपैकी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात १८४८ मध्ये विधिमंडळाच्या अविश्वासामुळे जुने कार्यकारी मंडळ जाऊन बहुमतातील पक्षाचे मंडळ सत्तेवर आले आणि जबाबदार शासनपद्धती रूढ झाली. मुंबई प्रांतात तिची वाटचाल सावकाश झाली. १९१९ च्या कायद्याने आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी ‘सोपीव’ खाती तेवढी मंत्र्यांकडे आली. अर्थ व पोलीस ही राखीव खाती गव्हर्नर व त्यांचे कार्यकारी मंडळ यांच्याकडेच राहिली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे या काळातील पहिल्या मंत्र्यांपैकी एक असून त्यांच्याकडे शिक्षण खाते होते. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता आल्यावर एप्रिल १९३७ मध्ये धनजीशा कूपर यांनी मंत्रिमंडळ बनविले. परंतु त्यास बहुमत नसल्याने जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. अण्णासाहेब लठ्ठे, कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई प्रभृती त्याचे सदस्य होते. दुसऱ्या महायुद्धात भारताला त्याच्या संमतीवाचून गोवल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याने राजीनामा दिला. १९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हेच नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते केंद्रात संरक्षणमंत्री म्हणून गेल्यावर मारोतराव कन्नमवार आणि त्यांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. नाईक यांची कारकीर्द फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ चालली. या पहिल्या कालखंडात एकाच पक्षाचे निर्विवाद बहुमत होते. त्यामुळे मंत्रिमंडळातील बदल पक्षांतर्गत निर्णयानेच होत.

१९७८ च्या निवडणुकीने ही स्थिती पालटली. कोणत्याही पक्षास बहुमत न मिळाल्याने काँग्रेसच्या दोन गटांचे संयुक्त मंत्रिमंडळ बनले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, तर नाशिकराव तिरपुडे हे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री होत. जुलैमध्ये शरद पवार व त्यांचे सहकारी बाहेर पडताच हे मंत्रिमंडळ कोसळले व पुरोगामी लोकशाही दलाचे शासन आले. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते बरखास्त करून राष्ट्रपती राजवट जारी केली. १९९५ मध्ये मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली शिवसेना-भारतीय जनता पक्ष युती सत्तेवर आली. तेव्हापासून राज्याचा कारभार बहुतांशी आघाड्यांच्या हाती राहिला. खातेवाटप, पालकमंत्र्यांच्या नेमणुका व प्रादेशिक समतोल हे आघाडीतील वाटाघाटींचे विषय बनले. मंत्र्यांच्या वाढत्या संख्येस २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आळा घातला. तीनुसार मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत ही मर्यादा ४३ होते. याउलट, ३० जून ते ९ ऑगस्ट २०२२ या काळात मुख्यमंत्री एकनाथ शिंदे व उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस अशा दोघांनीच राज्याचा कारभार पाहिला.

सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व घटनेत निःसंदिग्ध असले, तरी ते अमलात येण्याचा मार्ग महाराष्ट्रात निराळा दिसतो. १९७८ मध्ये वसंतदादा पाटील, २६ नोव्हेंबर २०१९ रोजी देवेंद्र फडणवीस आणि २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांनी सभागृहातील मतदानापूर्वीच राजीनामे दिले. ठाकरे यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगणे समर्थनीय नव्हते, असे म्हटले. मात्र मतदानास सामोरे न जाता स्वेच्छेने राजीनामा दिलेला असल्याने पूर्वस्थिती आणता येणार नाही, असाही निर्णय दिला. व्यक्तिगत राजीनाम्यांमागेही न्यायालयाचे ताशेरे, लोकक्षोभ व पक्षश्रेष्ठींचा आदेश हीच कारणे प्रामुख्याने आढळतात. जानेवारी १९८२ मध्ये अब्दुल रहमान अंतुले व मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर उच्च न्यायालयाच्या निर्णयांनंतर पायउतार झाले. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी पदे सोडली.

शासनाच्या जबाबदारीची अधिक कठीण कसोटी भिवंडीत लागली. ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांच्या या शहरात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली व तिचे लोण जळगाव आणि महाड येथे पोहोचले. नाईक मंत्रिमंडळाने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने दंगलीची पार्श्वभूमी तपशीलवार तपासली आणि भिवंडीतील विशेष तपास पथकाच्या पक्षपाती कार्यपद्धतीवर कठोर टीका केली. परंतु अहवाल १९७५ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. दरम्यान १९७२ ची निवडणूक होऊन गेली होती व नाईक यांची कारकीर्दही त्याच वर्षी संपली. मे १९८४ मध्ये भिवंडीत पुन्हा भीषण दंगल झाली. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींबाबतही हाच क्रम दिसतो. सुधाकरराव नाईक यांच्या शासनाने नेमलेला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जोशी शासनाने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला व पुढे मे महिन्यात पुनरुज्जीवित केला; त्याचा अहवाल ऑगस्ट १९९८ मध्ये विधिमंडळापुढे आला. चौकशी आयोग अधिनियमातील १९७१ च्या दुरुस्तीने अहवाल व त्यावरील कार्यवाहीचे निवेदन सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन घातले. तथापि आयोगाच्या शिफारशी स्वीकारण्याचे बंधन मंत्रिमंडळावर नसते. आयोग नेमणारे एक, अहवाल स्वीकारणारे दुसरे, असे झाले म्हणजे उत्तर कोणी द्यावयाचे हा प्रश्न अनिर्णित राहतो.

भिवंडीचा पुढील अनुभव मात्र आशादायक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे दोन्ही समाजांच्या नागरिकांच्या मोहल्ला समित्या उभारल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता हे शहर शांत राहिले. दंगलीनंतरच्या चौकशीपेक्षा नित्याच्या कारभारातील दक्षता अधिक फलदायी ठरते, हे यावरून स्पष्ट होते. मंत्रिमंडळाचे स्थैर्य सभागृहातील संख्याबळावर अवलंबून असले, तरी त्याची जबाबदारी त्या संख्याबळापुरती सीमित नाही. सत्तांतरानंतरही आधीच्या शासनाने स्वीकारलेले कर्तव्य पुढील शासनाने पार पाडणे, हा सामुदायिक जबाबदारीचा व्यापक अर्थ होय. घटनेने या तत्त्वाची चौकट दिली. तीत आशय भरण्याचे कार्य विधिमंडळ, न्यायालये व जागरूक नागरिक यांच्यावर राहिले आहे.