खडकवासल्याची भिंत आणि स्वस्तातले शेअर

रविवारी खडकवासल्याला गेलो होतो. चौपाटीवर नेहमीचीच गर्दी, भाजलेली कणसं, कांदाभजी, आणि सोबत नुकताच बोनस मिळालेला ऑफिसमधला मित्र. भजी खाता खाता त्याने विचारलं, "मोठ्या कंपन्यांचा व्हॅल्यू फंड घेऊ का रे? कंपन्या मोठ्या, त्यात शेअर स्वस्तात घेतलेले. बुडणार कसे?"

उत्तर समोरच उभं होतं, धरणाच्या भिंतीत. पण ते सांगायचं तर थोडा इतिहास लागतो, म्हणून तेव्हा नुसतं "बघू" म्हणालो. आता सविस्तर लिहितो.

व्हॅल्यू पद्धतीचा मूळपुरुष बेंजामिन ग्रॅहम. १९२९ च्या अमेरिकन मंदीत त्याचे स्वतःचे हात चांगलेच पोळले होते. १९३४ साली त्याने डेव्हिड डॉडबरोबर 'सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस' लिहिलं आणि १९४९ साली 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'. सगळ्याचं सार तीन शब्दांत: मार्जिन ऑफ सेफ्टी. आपण इंजिनिअरिंगला शिकलो तो फॅक्टर ऑफ सेफ्टी आठवा. तसंच आहे हे. शेअरची किंमत तुमच्या हिशोबाने १०० असेल तर ६० ला मिळेपर्यंत थांबायचं. हिशोब थोडा चुकला तरी जीव वाचतो.

मोठ्या कंपन्यांचा व्हॅल्यू फंड हेच करतो. सेबीने २०१७ साली बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना लार्ज कॅप ठरवलं. अशा कंपन्यांमधून नफा, पुस्तकी मूल्य आणि लाभांश यांच्या मानाने भाव कमी असलेल्या निवडायच्या आणि वाट बघायची. साहजिकच या यादीत बहुतेक वेळा बाजार ज्यांना कंटाळलाय किंवा घाबरलाय अशाच कंपन्या सापडतात.

आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोचंच बघा. एकेकाळी चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. १९९० च्या दशकात गिऱ्हाईक मोटरसायकलकडे वळलं. त्यात १९९९-२००० मध्ये बाजार सॉफ्टवेअरच्या मागे वेडा झालेला, स्कूटरवाल्यांना विचारतो कोण! पण कंपनीच्या गाठीशी भरपूर पैसा होता. २००० साली तिने ४०० रुपयांच्या भावाने स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. २००१ मध्ये पल्सर आली. २००८ पर्यंत त्या एका कंपनीतून बजाज ऑटो, बजाज फिनसर्व्ह आणि बजाज होल्डिंग्ज अशा तीन कंपन्या शेअर बाजारात आल्या. जो धीर धरून बसला, त्याचं सोनं झालं.

आता दुसरी बाजू. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याची. रांग पद्मिनीसाठीही होती. १९८३ मध्ये मारुती आली, आणि २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. रांग दोन्हीकडे होती, पल्सर एकीकडेच आली. अशा कंपनीचा शेअर कागदावर स्वस्त दिसतो, कारण कागदावरचा नफा कालचा असतो. याला व्हॅल्यू ट्रॅप म्हणतात. आणि आज समोर असलेली कंपनी बजाज आहे की प्रीमियर, हे त्या वेळी कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून फंड पाचपन्नास कंपन्या घेतो. एखादी प्रीमियर निघाली तरी बाकीच्या सांभाळून घेतील. बरोबर? बहुतेक वेळा बरोबर.

पण बिल मिलरचा किस्सा ऐका. त्याच्या लेग मेसन व्हॅल्यू ट्रस्टने १९९१ ते २००५ अशी सलग १५ वर्षं अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाला मागे टाकलं. मग घरकर्जांचा फुगा फुटायला लागला, वित्तीय कंपन्यांचे शेअर पडले आणि मिलरने ते स्वस्त समजून घेतले: बेअर स्टर्न्स, एआयजी, फ्रेडी मॅक. २००८ या एका वर्षात फंड सुमारे ५५ टक्के पडला. म्हणजे १०० चे ४५. त्याचे परत १०० व्हायला १२२ टक्के वाढ लागते!

प्रत्येक शेअर वेगवेगळा तपासला तर स्वस्त होता. पण सगळ्यांच्या वरच्या अंगाला धरण एकच होतं, घरकर्जांचं.

आता वळा खडकवासल्याकडे. मुठेवरची ही दगडी भिंत १८७९ च्या सुमारास बांधून झाली. ८० पावसाळे तिने झेलले. १२ जुलै १९६१ च्या सकाळी वरचं, अजून काम पूर्ण न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यात आलं, दुपारी ही भिंतही फुटली आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. बांधणाऱ्यांनी मार्जिन ठेवलं होतं, पण नदीच्या पुराचं. आख्खं धरण अंगावर येईल हे त्यांच्या हिशोबात कसं असणार? तेव्हा पानशेत नव्हतंच.

तर मित्रा, फंड वाईट नाही. घ्यायचा तर खुशाल घे. पण आधी त्याच्या फॅक्टशीटमधल्या पहिल्या दहा कंपन्या वाच आणि स्वतःला विचार, यातल्या किती एकाच कारणाने स्वस्त आहेत? सहा-सात बँका किंवा सहा-सात सरकारी कंपन्या दिसल्या, तर वर पानशेत आहे असं समज. आणि चार-पाच वर्षांत लागणारा पैसा, लग्नाचा किंवा फ्लॅटच्या डाउन पेमेंटचा, त्यात घालू नकोस. बजाजची वाट बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्याच्याकडे नाही त्याला मार्जिन असून उपयोग नाही.

असो. भजी मात्र अजूनही स्वस्तच आहेत. :-)