बोरिवलीचे रानफूल, लखनौचे वाफे: पांढऱ्या मुसळीचा इतिहास

पांढरी मुसळी हे पीक आहे की रानफूल? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि तिच्या संवर्धनाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. एखादी वनस्पती ‘दुर्मीळ’ ठरते म्हणजे काय होते, हे या पाठात आपण तिच्या उदाहरणावरून पाहू.

प्रथम नावाचा इतिहास. मुसळीची मुळे आयुर्वेदात शक्तिवर्धक मानली जातात आणि त्यांचा व्यापार जुना आहे. पण बाजारात ‘सफेद मुसळी’ या एकाच नावाखाली अनेक जातींची मुळे विकली जात. त्यामुळे जुन्या व्यापारी नोंदींत मुसळी दिसली, तरी ती नेमकी कोणती जात होती हे त्या नोंदींवरून ठरवता येत नाही. 1950च्या दशकात मुंबईतील वनस्पतितज्ज्ञ फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी साष्टी बेटावरील एका जातीचे शास्त्रीय वर्णन केले. बोरिवलीवरून तिचे नाव ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’ असे ठेवले. म्हणजे या जातीची स्वतंत्र लेखी नोंद तेव्हापासूनची आहे.

आता तिचा अधिवास पाहा. ही जात भारतातच आढळते. सह्याद्री, सातपुडा आणि अरवलीच्या पानझडी जंगलांत, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान या राज्यांत तिची नोंद आहे. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून पाने फुटतात, मग सहा पाकळ्यांची पांढरी फुले येतात. पावसाळा सरला की पाने वाळतात आणि पुढच्या पावसापर्यंत फक्त मुळे जमिनीत राहतात.

ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत क्लोरोफायटमच्या काही जातींची कोवळी पाने ‘कुलू’ किंवा ‘फोडशी’ म्हणून भाजीला खुडतात. पाने खुडली तरी मूळ शाबूत राहते. औषधाच्या व्यापाराला मात्र मूळच हवे असते. बी पडण्याआधीच सगळा झुबका उपटला, तर त्या जागी पुढच्या वर्षी काहीच उगवत नाही. बियांची उगवण कमी असल्याने हे नुकसान लवकर भरूनही निघत नाही. भारतीय वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्ये या जातीची नोंद ‘दुर्मीळ’ अशी झाली. हा ग्रंथ 1987 ते 1990 या काळात तीन खंडांत निघाला.

यावर लागवड हा उपाय सुचतो. इथे लखनौ येते. तेथील ‘सीमॅप’ या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या केंद्रीय संस्थेची सुरुवात 1959 साली झाली. उत्तरेच्या मैदानात पुदिन्याची शेती रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. मुसळीची लागवड आणि तिच्या वाणांवरही तिने काम केले. पण एक फरक लक्षात घ्या. ज्या जपानी पुदिन्यापासून मेंथॉल काढतात तो बाहेरून आलेला, त्याच्यासाठी आपले रान ओरबाडावे लागले नाही. मुसळीची नवी रोपे मुळांच्या माथ्याकडील चकतीच्या तुकड्यांपासून करतात. लागवडीची लाट आली तेव्हा हे बेणेही आधी जंगलातूनच येऊ लागले. म्हणजे ज्या शेतीने रानावरचा भार हलका व्हायचा, तिनेच तो काही काळ वाढवला. पुढे भाव कोसळले आणि अनेक शेतकऱ्यांचेही नुकसान झाले.

शेतात मुसळी भरपूर आहे, यावरून रानातली मुसळी सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नका. वाफ्यात निवडलेली मोजकी वाणे असतात, तर रानात निरनिराळ्या मातीत आणि पावसात टिकलेली विविधता असते. वाफ्यातले पीक बिघडले तर नवे वाण शोधायला पुन्हा रानातच जावे लागेल.

विचारासाठी प्रश्न: ‘दुर्मीळ’ ही नोंद कधी, कोणत्या जातीबद्दल आणि कोणत्या प्रदेशासाठी केली, हे तीन प्रश्न तुमच्या जिल्ह्यातील एका रानफुलाला लावून पाहा. उत्तरे शोधताना वनविभागाच्या नोंदींबरोबर रानभाज्या खुडणाऱ्या बायकांनाही विचारा.