भूभौतिक सर्वेक्षणातील विसंगतींचा अर्थ कसा लावतात?

कल्याणजवळच्या विठ्ठलवाडी स्थानकालगत चुंबकमापक ठेवला, तर त्याची वाचने स्थिर राहणार नाहीत. रूळ, पादचारी पूल, विजेच्या तारा आणि धावत्या गाड्या यांचा तो परिणाम असतो. भूगर्भाशी त्याचा संबंध नसतो. अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष मोजलेले मूल्य यांतील फरकाला ‘विसंगती’ म्हणतात. खनिजांचा शोध बहुधा तिच्यापासूनच सुरू होतो; परंतु मानवनिर्मित विसंगती आधी वगळावी लागते. ही अडचण जुनीच आहे. मुंबईत विजेवरील ट्राम येणार हे दिसू लागताच कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींसाठी अलिबागची निवड झाली आणि १९०४ साली तेथे काम सुरू झाले.

एवढी गाळणी करूनही खरा पेच शिल्लक राहतो. या परिसरातील बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. लाव्हा थंड होताना त्यातील चुंबकीय लोहखनिजाचे कण त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. दख्खनच्या लाव्ह्याचा बराच भाग पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असताना थिजला. त्यामुळे आलेखातील चढ-उतारांची मांडणीच बदलते. वाचन कमी आले म्हणून तेथे लोहखनिज नाही, असे म्हणता येत नाही.

गुरुत्वमापनातही तेच. मुंबईच्या किनारपट्टीवर गुरुत्वाकर्षणाची मोठी धन विसंगती आढळते. खोलवर घुसलेल्या जड अग्निज खडकांशी तिचा संबंध जोडला जातो. ती धातुखनिजाची खूण नव्हे. उथळ व विस्तीर्ण किंवा खोल व आटोपशीर अशा भिन्न वस्तुमानांमुळे सारखाच आलेख मिळू शकतो. मात्र अरुंद, टोकदार विसंगतीचा उगम फार खोल असू शकत नाही. अभ्यासकाला हा एक भरवशाचा आधार.

गृहनिर्माण संस्थांना विंधन विहिरीच्या वेळी याचाच घरगुती अनुभव येतो. विद्युतरोध कमी आढळला, तर खाली पाणी असेल, नुसती चिकणमाती असेल किंवा खाडीलगत खारे पाणीही असेल. यंत्र तिन्हींना जवळपास सारखेच उत्तर देते. म्हणूनच जाणकार एका पद्धतीवर विसंबत नाहीत. चुंबकीय, गुरुत्वीय व विद्युत नोंदी भूशास्त्रीय नकाशाशी ताडून पाहतात, मगच वेधनाची जागा ठरवतात. एवढे करूनही वेधनातून कोरडा खडकच हाती येणे नित्याचे आहे. मात्र त्या गाभ्याची घनता आणि चुंबकीय गुणधर्म मोजून पुढचे प्रतिमान सुधारता येते.