परळचं हृदय आणि आपलं

मैत्रिणींनो, परळचं केईएम हॉस्पिटल आपल्या कुणकेश्वरच्या चाकरमान्यांना ठाऊक आहे. तिथंच फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं त्याआधी अडीच महिन्यांपूर्वीच केपटाउनला झालं होतं. परळचा रुग्ण काही तासच जगला, पण वाट उघडली.

हृदय बदलणं मोठ्या डॉक्टरांचं काम. झटका ओळखणं आपलं. साऱ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या हृदयाची स्वतःची रक्तवाहिनी तुंबली, की झटका येतो. बायकांना कधी छातीत कळ न येताही दम लागतो, घाम सुटतो, जबडा किंवा पाठ दुखते. म्हणून आम्ही बचत गटात ठरवलंय: 'पित्त असेल, काम आटपून बघू' म्हणायचं नाही. लगेच १०८ला फोन करायचा.