दादरा-नगर हवेली : ख्रिस्ती श्रद्धा, व्यक्तिस्वातंत्र्य आणि शासनाची मर्यादा

दमणगंगेच्या काठी वसलेले सिल्वासा हे दादरा-नगर हवेली जिल्ह्याचे मुख्यालय. गुजरात व महाराष्ट्र यांच्या सीमेवरील हा प्रदेश गोव्यापासून दूर असला, तरी चर्चच्या रचनेत तो आजही गोवा व दमण महाधर्मप्रांतातच मोडतो. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३,४३,७०९ असून त्यात ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण सुमारे दीड टक्का आहे. निम्म्याहून अधिक रहिवासी वारली, धोडिया, कोकणा आदी अनुसूचित जमातींचे आहेत. नागरिकाची श्रद्धा आणि शासनाचा अधिकार यांची सीमा कोठे असावी, या प्रश्नाला या प्रदेशात निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली.

पोर्तुगीज राजवट आणि धर्म

मराठ्यांनी पोर्तुगिजांशी १७७९ मध्ये केलेल्या तहानुसार नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला. १७८३ मध्ये त्यांनी तिचा ताबा घेतला आणि १७८५ मध्ये दादरा विकत घेतले. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले धर्मन्यायालय तेव्हा अखेरच्या टप्प्यात होते. १८१२ मध्ये ते कायमचे बंद झाले. त्यामुळे तिसवाडी, बार्देश व सासष्टी या गोव्यातील जुन्या काबिजादींप्रमाणे येथे व्यापक धर्मांतर घडले नाही. सिल्वासातील ‘आवर लेडी ऑफ पायटी’ हे चर्च पोर्तुगीज काळाची आठवण देत उभे आहे; मात्र भोवतालचा समाज बहुतांशी आदिवासी व हिंदूच राहिला.

पोर्तुगालच्या १८२६ च्या राज्यघटनेने कॅथलिक धर्माला राज्याचा धर्म मानले होते. १९१० मध्ये प्रजासत्ताक आले आणि १९११ च्या कायद्याने चर्च व राज्य विभक्त झाले. गोव्यातील हिंदूंना नागरी समानतेची वाट त्यातून खुली झाली. पुढे सालाझार यांच्या राजवटीत वारे फिरले. १९४० मध्ये व्हॅटिकनशी झालेल्या करारांनी वसाहतींतील मिशन कार्याला पुन्हा राज्याचा आधार मिळाला. ही राजवट चर्चला मान देत असे. पण सभा, वृत्तपत्रे व राजकीय संघटना यांवर तिचे कडक नियंत्रण होते. तो जाच ख्रिस्ती नागरिकालाही चुकला नाही. राज्याने एखाद्या धर्माला जवळ केले, म्हणून त्या धर्माचा अनुयायी स्वतंत्र होतोच असे नाही, हे त्या काळाने दाखवून दिले.

१९५४ चा मुक्तिलढा

पोर्तुगीज सत्ता गेल्यास कॅथलिक श्रद्धा धोक्यात येईल, असा प्रचार सालाझार सरकार करीत असे. दादऱ्यातील घटनांनी त्याला परस्पर उत्तर दिले. २२ जुलै १९५४ च्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या स्वयंसेवकांनी फ्रान्सिस मास्कारेन्यस यांच्या नेतृत्वाखाली दादऱ्याचे पोलीस ठाणे ताब्यात घेतले. त्या चकमकीत पोर्तुगिजांच्या सेवेतील उपनिरीक्षक आनिसेतो रोझारियो मारले गेले. हल्ल्याचा नेता ख्रिस्ती आणि ठाण्याचा रक्षकही ख्रिस्ती. झगडा धर्माचा नव्हता, सत्तेचा होता. त्यानंतर आझाद गोमंतक दल व अन्य स्वयंसेवकांनी २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त केले.

पुढील वर्षी, जुलै १९५५ मध्ये, पंतप्रधान नेहरू यांनी पोप बारावे पायस यांची भेट घेतली. गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे, याला पोप यांनी मान्यता दिल्याचे नेहरूंनी सांगितले. मुक्त प्रदेशाचा कारभार १९६१ पर्यंत वरिष्ठ पंचायतीच्या सहभागाने चालला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो दहाव्या घटनादुरुस्तीने भारतात विलीन झाला आणि भारतीय संविधानाचे मूलभूत हक्क येथे लागू झाले.

संविधान काय देते

अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. तसेच धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. ‘प्रसार’ या शब्दावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये वाद झाला. लोकनाथ मिश्रा यांनी त्याला विरोध केला, तर क. मा. मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो राखण्याची बाजू मांडली. शब्द राहिला.

अनुच्छेद २६ धर्मसंप्रदायांना आपले धार्मिक व्यवहार चालविण्याची मुभा देतो. अनुच्छेद २७ नुसार विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हक्क देतो.

न्यायालयांनी आखलेल्या रेषा

सर्वोच्च न्यायालयाच्या चार निकालांतून ही सीमा स्पष्ट होते. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात (१९७७) न्यायालयाने म्हटले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही. बळ, फसवणूक वा प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराला बंदी करणारे ओडिशा व मध्य प्रदेशचे कायदे त्यामुळे टिकले. बिजो इमॅन्युएल खटल्यात (१९८६) ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाच्या तीन मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश झाला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, मात्र श्रद्धेमुळे गात नसत. चर्च ऑफ गॉड खटल्यात (२०००) न्यायालयाने उलट बाजू सांगितली : ध्वनिवर्धकाने शेजाऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करण्याचा हक्क कोणत्याही धर्माला नाही. चौथा निकाल चंद्रमोहनन खटल्याचा (२००४). धर्म बदलला एवढ्यावरून व्यक्ती अनुसूचित जमातीची राहत नाही असे होत नाही. जमातीच्या चालीरीती ती पाळते का आणि समाज तिला आपली मानतो का, हे तपासावे लागते, असे त्यात ठरले.

सिल्वासा परिसरासाठी चौथा निकाल सर्वांत महत्त्वाचा. अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध धर्मीयांपुरता मर्यादित आहे. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. ख्रिस्ती झालेल्या वारली वा कोकणा कुटुंबाचे शिक्षण, नोकरी व राखीव जागा या फरकावर अवलंबून आहेत. धर्मांतरित आदिवासींना सूचीतून वगळावे, अशी मागणी देशाच्या काही भागांत होते. ती मान्य झाल्यास श्रद्धेच्या निवडीला थेट आर्थिक किंमत चिकटेल. मागणीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की मूळ परंपरा सोडलेल्यांनी त्या परंपरेसाठी असलेला लाभ घेऊ नये.

कायदा कोण करणार

शेजारच्या गुजरातमध्ये २००३ पासून धर्मस्वातंत्र्य कायदा आहे. त्यानुसार धर्मांतराचा विधी करणाऱ्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. २०२१ च्या दुरुस्तीतील विवाहविषयक काही तरतुदींना गुजरात उच्च न्यायालयाने त्याच वर्षी अंतरिम स्थगिती दिली. विविध राज्यांच्या अशा कायद्यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढेही आहेत.

गुजरातचा हा कायदा दादरा-नगर हवेलीस आपोआप लागू होत नाही. मात्र १९६१ च्या दादरा व नगर हवेली अधिनियमाच्या कलम १० ने राज्यांतील कायदे अधिसूचनेद्वारे या प्रदेशास लागू करण्याचा अधिकार केंद्राला दिला. अनुच्छेद २४० नुसार राष्ट्रपतींनाही येथे विनियम करता येतात. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. विधानसभा मात्र नाही. गोव्यात असा विषय निघाला तर तो निवडून आलेल्या चाळीस आमदारांसमोर चर्चेला येतो. सिल्वासातील मतदाराच्या हाती अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेली लोकसभेची एक जागा आहे. एरवी अशा नियमनाविरुद्ध दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे मुंबई उच्च न्यायालय. या प्रदेशावर त्याचीच अधिकारिता आहे.

तोवर सर्वसाधारण फौजदारी कायदा दोन्ही बाजूंना सारखाच बांधतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ नुसार हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावणे, तर कलम ३०० नुसार कायदेशीरपणे भरलेल्या प्रार्थनासभेत व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. प्रवचन देणाऱ्याने पहिल्याचे आणि प्रार्थना बंद पाडू पाहणाऱ्याने दुसऱ्याचे भान ठेवावे, आणि पोलिसांनी दोन्ही कलमे निःपक्षपातीपणे वापरावीत, एवढी अपेक्षा आजच्या कायद्यातूनच निघते.